संध्याकाळ ऑटोवर

आमच्या बचत गटाच्या विजेवरच्या पिकअपचे दिवे लागले की पिंपळसोंड गावात संध्याकाळ होते. घड्याळात सकाळचे दहा वाजलेले असोत नाहीतर दुपारचा एक, त्याला काही अर्थ नाही. दिवे लागले की सूर्य मुकाट्याने डोंगरामागे जाऊन बसतो, कोंबड्या खुराड्यात शिरतात आणि देवळात गुरव घंटा बडवायला लागतो. दिवे विझले की सूर्य परत जिथल्या तिथे. मी मालन निकम, गटाची सचिव. मला उगाच वाढवून सांगायची सवय नाही. ती सवय आमच्या अध्यक्षांना आहे.

गाडी आली ती सरकारी योजनेतून. अट एकच होती, गाडी चालवणारी बाईच पाहिजे. आमच्या गटातल्या निम्म्या जणी हौसेने शिकायला गेल्या. एकीने गाडी उकिरड्यात घातली, एकीने पाण्याच्या टाकीला टेकवली, आणि मी स्वतः रिव्हर्स टाकून सरपंचांच्या अंगणात गेले ते अजून मला ऐकवतात. राहिली एकटी जयमाला घोलप. तिला पहिल्याच दिवशी जमलं. का जमलं म्हणाल, तर तिला जमवणं भागच होतं.

जयमालाचा नवरा वारला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती दिराच्या घरी. पहाटे उठायचं, गोठ्यातलं शेण काढायचं, वैरण घालायची, आणि दोन वेळच्या भाकरीबरोबर दिराचं बोलणं खायचं. लायसन मिळालं त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मालनवहिनी, आता मला कुणी 'जरा ती पाटी उचल' म्हणणार न्हाई." हातातलं लायसन ती पुन्हा पुन्हा पदराने पुसत होती. गाडी गटाकडे राहिली तर जयमाला साताऱ्याला माल पोचवणार आणि मान वर करून फिरणार. गाडी गेली तर परत शेणाची पाटी. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं आपोआप कळेल.

गाडीची पूजा आमच्या अध्यक्षांनी केली. इंदुताई शेवाळे. पूजा कुठलीही असो, नारळ इंदुताईच फोडणार, आणि नाही फुटला तर नारळाला नावं ठेवणार. त्यांनी कुंकू तेलात कालवलं, म्हणजे पावसाने जायला नको, आणि समोरच्या काचेवर अगदी वर, मधोमध, तळहाताएवढं स्वस्तिक काढलं. गटातल्या सवाष्णी पुढे होत्या. जयमाला किल्ली घेऊन मागे, पंचायतीच्या भिंतीला टेकून उभी होती. त्याच भिंतीवर आमच्या गावाने विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव फ्रेम करून लावलेला आहे. त्याबद्दल गावाला ढालही मिळाली आहे.

मग जयमाला गाडीत बसली. तिने गाडी सुरू केली, आणि चांगल्या दहा वाजताच्या उन्हात गाडीचे दिवे लागले.

आता आमच्याकडे दिवा लागला की हात जोडायचे. समई असो, ट्यूबलाइट असो, गेलेली लाइट परत आलेली असो. ते आमच्या हाडातच आहे. त्यामुळे दिवे लागल्याबरोबर सगळ्यांनी हात जोडले, आणि इंदुताई सवयीने म्हणाल्या, "चला बाई, दिवेलागण झाली." आणि झाली की! हां हां म्हणता अंधारून आलं. शाळेतली पोरं दप्तरं घेऊन बाहेर पडली. गुरुजींनी थोडा वेळ आकाशाकडे बघितलं आणि शाळेला कुलूप घातलं.

पहिले काही दिवस गाव खूष होतं, खोटं कशाला बोलू? जयमाला सकाळी गाडी काढायची, की संध्याकाळ. शिवेबाहेर पडली की परत सकाळ. चार्जिंगला लावायला आणली की संध्याकाळ. म्हशींना वाटायचं धारेची वेळ झाली, त्या पान्हवायच्या. पुरुष मंडळींची पारावर बसायची वेळ दिवसातून तीनदा यायला लागली आणि तीनही वेळा ते बसायचे. तलाठी भाऊसाहेब तर ऑफिसात आल्या आल्या जयमालाला फोन करून विचारायचे, "ताई, आज गाडी किती वाजता काढताय?" कारण संध्याकाळ झाली की ते "उद्या या" म्हणायला मोकळे. शेजारगावच्या एकाने गोरज मुहूर्ताच्या लग्नाला गाडी भाड्याने मागितली. म्हणजे कार्यालय दुपारचं स्वस्तात मिळतं आणि मुहूर्तही साधतो. पण संध्याकाळ आमच्या शिवेपलीकडे जात नाही, तिथे नुसतेच दिवे लागतात, म्हणून ते राहिलं.

मग वाळवणाचे दिवस आले आणि आमच्या नाकातोंडात पाणी जायला लागलं. साताऱ्याच्या एका दुकानाने कुरडया आणि पापडांची मोठी ऑर्डर दिलेली. पापड लाटून वाळवून डबाबंद झाले होते, पण कुरडयांना कडकडीत ऊन लागतं. आम्ही पहाटे चीक शिजवायचा, पंचायतीच्या गच्चीवर कुरडया घालायच्या, आणि जरा त्या धरायला लागल्या की जयमालाला कशाला तरी गाडी काढावी लागायची. की झाली संध्याकाळ! दोन वेळा कुरडया आंबल्या. त्या वासाने माझं डोकं उठायचं. बरं, तिन्हीसांजेला दही नाही, मीठ नाही, केरसुणी हातात घ्यायची नाही. दिवसभर चुलीपुढे खपायचं आणि शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायला गेलं तर ती म्हणणार, "दिवे लागले की गं!"

जयमालाने काय कमी प्रयत्न केले? गाडीत शाळेच्या पाटीएवढा पडदा आहे. त्यावर दिव्यांचं चित्र आहे आणि खाली तीन बटणं, ऑटो, ऑन, ऑफ. ती ऑफ दाबायची. दिवे विझायचे, ऊन पडायचं, आम्ही हुश्श करायचो. गाडी हलली की ती आपली आपण परत ऑटोवर, आणि ऑटोवर गेली की दिवे. "हिला कितीदा सांगितलं तरी ती स्वतःचंच खरं करते," जयमाला म्हणायची. "माझ्या दिराची बहीण शोभते."

गावातल्या कुणीतरी तहसीलला गाडीविरुद्ध अर्ज टाकला. कुणी ते मला माहीत आहे. जयमालाच्या दिराला गोठ्यात माणूस मिळत नव्हतं, एवढंच सांगते.

अर्जावर चौकशीला नायब तहसीलदार कदमसाहेब आले. शांत माणूस. भर दुपारी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "संध्याकाळ हजर करा."

जयमालाने गाडी सुरू केली. दिवे लागले, सूर्य गेला, देवळात घंटा वाजली. साहेबांनी आधी हात जोडले, मग पेन उघडलं.

"ही रोजची आहे?"

"रोजची, साहेब," मी म्हटलं. "दिवसातून तीन-चार वेळा."

"आणि नेहमीची जी असते, मूळची, ती?"

हा प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. जयमाला म्हणाली, "त्या टायमाला मी साताऱ्याहून येतच असते साहेब. गाडी शिवेत शिरती आणि होती संध्याकाळ. तेव्हा कुठली मूळची आणि कुठली गाडीची, ते मला न्हाई सांगता यायचं."

"म्हणजे मूळ संध्याकाळ स्वतंत्रपणे आढळून येत नाही," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, सूर्यास्त आमच्या अखत्यारीत नाही. संध्याकाळ रद्द करायची शासनाकडे तरतूदच नाही. वाहन जमा करून घ्यायची आहे. शुक्रवारपर्यंत दिवे ताब्यात आले नाहीत तर गाडी जमा करावी लागेल. माझा नाइलाज आहे."

जयमालाने गाडी बंद केली, ऊन परत पडलं, आणि त्या उन्हात मला तिचा चेहरा दिसला. मी साहेबांना चहा दिला, पण साखर मुद्दाम घातली नाही.

कंपनीला किती फोन केले ते माझं मलाच माहीत. शेवटी शुक्रवारी सकाळी त्यांचा माणूस आला, तन्मय पेंडसे नावाचा. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. त्याने वायर जोडली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "काकू, गाडीत काही फॉल्ट नाही. ऑटो एकदम परफेक्ट चालतंय."

"परफेक्ट?" माझा पारा चढला. "अरे बाबा, आमच्या कुरडया आंबल्या त्या काय आमच्या हौसेनं?"

"नाही, म्हणजे बघा," तो गडबडून म्हणाला. "या काचेच्या मागे सेन्सर असतो. अंधार दिसला की तो दिवे लावतो. तुमच्या सेन्सरला कायम अंधार दिसतोय. कारण त्याच्या बरोब्बर समोर..." आणि त्याने काचेवर बोट दाखवलं. इंदुताईंनी तेलात कालवून काढलेलं स्वस्तिक होतं ते. "हे कुंकू तेवढं पुसून टाका, झालं काम."

असं म्हणून त्याने खिशातून फडकं काढलं मात्र, गटातल्या सगळ्या बायका एका दमात ओरडल्या. तो बिचारा फडकं टाकून दोन पावलं मागे सरकला.

"पुसून टाका?" इंदुताई म्हणाल्या. "पोरा, तुझ्या घरी आईबिई आहे का न्हाई? सवाष्णीचं कुंकू पुसायला सांगतोस?"

"पण ही गाडी आहे, काकू."

"पूजा झाली की ती नुसती गाडी राहत न्हाई."

मग तिथेच सभा बसली. गाडी सवाष्ण आहे की नाही, हा विषय. सरपंच म्हणाले, सवाष्ण म्हणायची तर तिचा धनी कोण ते ठरवावं लागेल. बराच खल झाला. शेवटी पंचायतीच्या दारातला चार्जिंगचा खांब हाच तिचा धनी असं सर्वानुमते ठरलं, कारण गाडी रोज रात्री त्याच्याकडेच येते आणि त्याच्याच जिवावर चालते. खांब धडधाकट उभा आहे, हिरवा दिवा चालू आहे, सबब गाडी सवाष्ण आहे आणि तिचं कुंकू पुसणं हा अपशकुन आहे. हे मीच लिहून घेतलं. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. सगळं रीतसर होतं.

प्रश्न राहिला पुसायचं कुणी. सरपंच म्हणाले, मी लोकप्रतिनिधी आहे, मला सगळ्यांच्या भावना बघाव्या लागतात. तलाठ्यांनी घड्याळ बघितलं. कदमसाहेब गाडी जमा करायचे कागद घेऊन आलेले होते, ते म्हणाले, "धार्मिक बाबीत शासन हात घालत नाही," आणि हात खिशात घातले. गुरव तर देवळातून बाहेरच आला नाही.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. जयमाला किल्ली हातात घेऊन खांबापाशी उभी होती.

इंदुताईंनी आवाज अगदी मधाळ केला. "जयमाला, बाळा, तूच कर की गं. तुला कुठं काय लागणार आहे? तुझं तर... झालेलंच आहे सगळं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो इंदुताई," मी म्हटलं, "जनाची नाही तर मनाची तरी! मागं भिंतीवर ठराव लटकतोय, ढाल कपाटात आहे, आणि हे काय बोलताय?"

"ठरावाला धरूनच बोलते आहे मी," इंदुताई म्हणाल्या. "ठरावात काय म्हटलंय? विधवा बाईला कुंकू लावायचा हक्क आहे. मग पुसायचा पण असेलच की. हक्क द्यायचा तर पुरता द्यावा."

यावर कदमसाहेबांनी मान डोलावली. मला त्यांच्या पुढ्यातला कप उचलून नेल्याशिवाय राहवलं नाही.

जयमाला पुढे आली. मला वाटलं आता ही पुसते. गाडी वाचवायची तर दुसरं करणार काय? पण तिने फडकं उचललंच नाही. ती गाडीत चढून बसली, दार लावून घेतलं आणि गाडी सुरू केली. दिवे लागले. दिवसाउजेडी चाललेली सभा भर संध्याकाळात आली. सगळ्यांनी हात जोडले.

काच खाली करून ती म्हणाली, "ज्यानं लावलं त्यानं पुसावं. तोवर मी हितनं हलत न्हाई."

"अगं, गच्चीवर कुरडया आहेत!" कुणीतरी ओरडलं.

"असू देत."

"बॅटरी किती टिकेल हो?" सरपंचांनी तन्मयला हळूच विचारलं.

"उभ्या गाडीचे नुसते दिवे ना? आरामात आठवडाभर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरा अभिमानच होता.

संध्याकाळ तशीच उभी राहिली. पुढेही सरकेना आणि मागेही जाईना. तिन्हीसांजेला कुणी कुणाच्या दारातून निघत नाही, त्यामुळे कदमसाहेबांना जाता येईना. केर काढता येईना. गुरवाची आरती संपली, त्याने दुसरी सुरू केली, तीही संपली. म्हशींच्या धारा झाल्या, परत पान्हवल्या. पुरुष मंडळी पारावर बसली ती बसलीच, आणि बसून बसून कंटाळली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि गच्चीवर आमच्या कुरडया, तिसऱ्या खेपेच्या, गारठून बसलेल्या. सगळ्यांचा जीव कुरडयांत अडकलेला. माझा जयमालात.

शेवटी बायकाच इंदुताईंच्या मागे लागल्या. "ताई, तुम्हीच लावलंय ते. पुसा आणि बाजूला परत लावा. मोकळ्या करा आम्हाला."

इंदुताई गाडीपाशी गेल्या. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पायरीवर चढल्या, हात काचेपर्यंत नेला. हात थरथरायला लागला. तेवढ्या अंधारातही दिसत होता सगळ्यांना. त्यांनी हात मागे घेतला. "मला न्हाई व्हायचं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं न्हाई व्हायचं. लई वंगाळ वाटतंय."

काचेच्या आतून जयमाला त्यांच्याकडे बघत होती. दोघींच्या मध्ये तेवढी काच.

"ताई," ती म्हणाली, "माझं पुसलं तेव्हा पण तुमचाच हात होता. असाच वला पदर. तेव्हा न्हाई थरथरला."

तन्मयने लॅपटॉप मिटला. इंदुताईंनी पायरीवरच डोळे मिटले आणि त्या पुसायला लागल्या. तेलातलं कुंकू, ते काय एका हाताने निघतं? आधी काचभर पसरलं. त्या परत पदर बुडवायच्या, परत पुसायच्या. नाकातून पाणी गळत होतं त्यांच्या, तेही पुसत नव्हत्या. पदर सगळा लाल झाला.

शेवटचा डाग निघाला तसं जयमालाने आतून ऑफ दाबलं आणि दिवे विझले. ऊन असं पडलं की सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतला. दुपारचे अडीच वाजले होते.

पुढचं सगळं झटपट झालं. बायका गच्चीकडे धावल्या. कदमसाहेबांनी कागद पिशवीत परत घातले आणि "सूर्य पूर्ववत आढळला" असा शेरा मारून ते निघून गेले. तन्मयने पावतीवर माझी सही घेतली. इंदुताईंनी काचेच्या कोपऱ्यात, सेन्सरपासून लांब, नवं छोटं स्वस्तिक काढलं. मग आपल्याकडे असतं तसं करंडा हातात आहेच म्हणून उरलेल्या बायकांना ओळीने बोट लावत आल्या. जयमालापाशी आल्या आणि थांबल्या. बोट तसंच हवेत.

सगळ्या बघत होत्या. मीही बघत होते. मला वाटत होतं लावावं, आणि वाटत होतं हिने नको म्हणावं.

"राहू द्या, ताई," जयमाला म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. "साताऱ्याला जायचंय. पापडाचे डबे चढवायला हात लावा जरा."

आणि इंदुताईंनी बोट पदराला पुसून डबे चढवले. अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदा काही उचललं असावं. जयमालाने गाडी काढली. दिवे लागले नाहीत, ऊन हललं नाही. भर दुपारी गाडी निघाली आणि दुपारच राहिली. आम्ही सगळ्या शिवेपर्यंत बघत उभ्या होतो.

कुरडया काय वाळल्या म्हणता! पाच वाजता वाजवून बघितल्या तर खणखणीत. सहा वाजता आम्ही त्या उलटल्या, गरज नव्हती तरी. सात वाजता डबे भरले. मग एकीने विचारलं, "मालन, ऊन खाली येईना का गं?"

ऊन खाली येत नव्हतं. सूर्य डोंगराच्या बोटभर वर येऊन थांबला होता. घड्याळात आठ वाजले. कोंबड्या अंगणात घुटमळत होत्या, आत जायचं की नाही ते त्यांना कळेना. म्हशी पान्हवेनात. गुरव घंटेचा दोर धरून उभा. तलाठी भाऊसाहेब ऑफिसात बसून होते, संध्याकाळ झाल्याशिवाय "उद्या या" म्हणता येईना आणि लोकांनी बरोब्बर ती वेळ साधून रांग लावलेली. त्या दिवशी त्यांनी इतके उतारे दिले की त्यांचा हात दुखायला लागला. सरपंचांनी कदमसाहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "आज दिवे लागले का?" सरपंच म्हणाले, "नाही." साहेब म्हणाले, "मग संध्याकाळ प्रलंबित आहे. वाट बघा." आणि फोन ठेवून दिला.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मूळची संध्याकाळ आता राहिलेलीच नव्हती. जी काय होती ती साताऱ्याला गेली होती, पापड घेऊन.

गाव फाट्यावर जमलं. इंदुताई निरांजन घेऊन आल्या होत्या, पण वेळच झाली नाही तर लावणार कसं? वात तशीच कोरडी. जयमालाचा दीरही आला होता. घड्याळात साडेनऊ झाले आणि लख्ख उन्हात जयमालाची गाडी फाट्यावर आली. सगळ्यांनी हात जोडायच्या तयारीत वर घेतले.

दिवे लागले नाहीत.

कसे लागणार? शिवेबाहेरच्या रात्रीत लागलेले दिवे आमच्याकडचं ऊन काचेवर पडताच विझले होते. सेन्सरला अंधार दिसल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि दिवे लागल्याशिवाय अंधार पडत नाही. जयमाला खाली उतरली. सगळ्या गावाला हात अर्धवट वर करून उभं बघून तिने विचारलं, "काय झालं?"

मी तिला सांगितलं. तिने सूर्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आता बटण दाबावं लागणार."

"दाब की मग, बाई," इंदुताई म्हणाल्या. "गाव खोळंबलंय."

"दाबते," जयमाला म्हणाली. "सकाळपासनं पोटात काही न्हाई. आधी चहा टाका."

कुणाच्या घरी टाकायचा यावरून दोघी-तिघींत जुंपली. शेवटी इंदुताईंच्या ओसरीवर टाकला. जयमाला खुर्चीत बसली, आणि सारं गाव अंगणात उभं राहून तिला चहा पिताना बघत होतं. तिने बिस्कीट मागितलं, ते आणून दिलं. दीर म्हणाला, "वहिनी, म्हशी खोळंबल्यात." ती म्हणाली, "आले." पण कप संपवूनच उठली, आणि कप विसळायला जाणार तर इंदुताईंनी तो तिच्या हातातून घेतला.

मग ती गाडीत जाऊन बसली आणि तिने ऑन दाबलं. दिवे लागले. सूर्य खाली गेला, घंटा वाजली, कोंबड्या आत शिरल्या. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. दिव्यांच्या मागे, काचेपलीकडे जयमाला बसलेली होती, तेव्हा नमस्कार तिलाही पोचत होता, पण आता त्याला इलाज नव्हता. आता हे रोजचंच आहे.